दोन्ही वाफ्यांना पाणी

आपल्या अ‍ॅपवर आतापर्यंत किती लोक आले, असं कुणी विचारलं की मामा उत्तर देत नसत. विचारणारा पुण्याहून आलेला असो, कॉलेजातला प्राध्यापक असो की नुसता चहाला टेकलेला असो, ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "पिशव्या किती विकल्या ते कायले विचारता? उगवण किती झाली ते विचारा ना."

मामा माझे मामा नव्हते. कंपनी दोघांनी काढली होती, त्यांनी आणि त्यांच्या बहिणीच्या मुलानं, निखिलनं. निखिल पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करून परत आला होता. तो त्यांना मामा म्हणायचा म्हणून ऑफिसातले सगळेच म्हणायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' अशी हाक मारली, तेव्हा कुणी आलंय का म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

कंपनी काढण्याआधी अर्धं आयुष्य मामांनी बियाणं विकलं होतं. चिखलीत त्यांचं कृषी सेवा केंद्र होतं आणि आमचं ऑफिस त्याच दुकानात होतं. जुनी पाटी त्यांनी काढू दिली नाही. त्यामुळे दर जूनमध्ये लोक येऊन तुरीचं बी मागायचे, आणि मामा त्यांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगता सांगता विचारून घ्यायचे, "घरी इंग्रजी कोनाले शिकाचं आहे?" मागच्या खोलीच्या भिंतींत फवारणीच्या औषधांचा वास मुरलेला होता. तिथेच आम्ही धडे रेकॉर्ड करायचो. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी गाद्या टांगलेल्या असायच्या, पंखाही बंद. मे महिन्यात त्या खोलीत दहा मिनिटांच्या वर कुणी टिकत नसे. मामा म्हणायचे, "बरं आहे. धडा लांबत नाही."

अ‍ॅप इंग्रजी शिकवायचं, पण आमच्याकडच्या बोलीतून. बाकीच्या अ‍ॅपमधली मराठी ऐकूनच इथली बाई दबते, इंग्रजीपर्यंत पोचतच नाही, असं मामांचं ठाम मत होतं. "इंग्रजीच्या पह्यले तिले पुण्याची मराठी शिका लागते. दोन नद्या काऊन ओलांडाव्या तिनं?"

नवा धडा तयार झाला की तो आधी 'गोणपाटात' जायचा. पेरणीआधी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी त्यातले किती उगवले ते मोजतात. मामांनी हीच रीत धड्यांना लावली. बसस्टँडवर, किराणा दुकानात, सलूनमध्ये मिळून दहा माणसं गाठायची. दहातल्या सातांना वाक्य बोलता आलं तर धडा पास, नाहीतर परत लिहायचा. धडे लिहायचं काम माझं होतं. एका एसटी कंडक्टरनं माझे तीन धडे नापास केले. तिसऱ्या वेळी तो तिकिटं फाडत म्हणाला, "ताई, हे तुमी कोनासाठी लिह्यलं? तुमच्या मैत्रिणीसाठी?" बस सुटली तरी मी तिथेच उभी होते. त्याचं बरोबर होतं.

मामांच्या सगळ्या रीतींमध्ये मला भीती वाटायची ती एकाच रीतीची. शिकणाऱ्यानं सलग तीन दिवस धडा उघडला नाही, तर त्याला फोन जायचा. यंत्राचा निरोप नव्हे, माणसाचा फोन. "बी देलं म्हंजे आपन मोकळे झालो का? आठव्या दिवशी वावरात जाऊन पाहाच लागते," मामा म्हणायचे. फोनवर विचारायचं एवढंच, "काऊन थांबले?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं त्यांनी आम्हाला शिकवलं. पलीकडचा माणूस आधी खोटं कारण सांगतो, मग थोडा वेळ थांबतो, मग खरं सांगतो. मधल्या वेळात आपण बोललो तर खरं कारण राहूनच जातं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी बुलढाण्याला इंग्रजी शाळेत शिकले. लिहिता, वाचता उत्तम यायचं. बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यातच सुटायचं, कुठल्याही भाषेत. शाळेत पालकसभा असली की बाबा आत जायचे. त्यांना जमलं नाही तर आई यायची, पण गेटपर्यंतच. पदर सावरत ती बाहेर उभी राहायची आणि सुटल्यावर मला विचारायची, "काय म्हणल्या बाई?" ती आत येत नाही याचं मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. बरंच वाटायचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, मामांनाही नाही.

मुलाखतीच्या वेळी मामांनी माझी गुणपत्रिका उघडलीसुद्धा नाही. स्वतःचा फोन माझ्यासमोर ठेवला. "आमच्या घरी लाव, आन विचार आज भाजी कायची केली."

मी फोन हातात धरून बसले. समोर भिंतीवर बियाण्याच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. ते मी तारखांसकट वाचलं.

"मामा, राहू द्या ना," निखिल म्हणाला.

"तू थांब बे."

शेवटी मी म्हणाले, "मला फोनची भीती वाटते."

"किती?"

किती, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "खूप," मी म्हणाले.

"मंग सोमवारपासून ये. ज्याले भेव लागत नाही तो ऐकत नाही. बोलतच राह्यते."

पहिले काही महिने मी गाद्यांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून फोन करायचे. वाक्य कागदावर लिहून ठेवलेलं असायचं. हळूहळू कागद लागेनासा झाला, पण भिंत लागायची.

मामांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं. अ‍ॅपवर मात्र त्यांचं खातं होतं आणि ते चौथ्या धड्यावर अडकलेलं होतं. त्यामुळे दर तीन दिवसांनी माझ्या यादीत त्यांचा नंबर यायचा. रीत म्हणजे रीत. मी आतून फोन लावायचे, बाहेरच्या खोलीत तो वाजायचा.

"हॅलो, कोन?"

"मामा, मी बोलतेय."

"मी कोन?"

"चिखलीच्या ऑफिसमधून. काऊन थांबले?"

मी गप्प बसायचे. तेही गप्प. दोन खोल्यांत मिळून सगळे कान देऊन ऐकत असायचे.

"वेळच भेटत नाही ना, बाई. उद्यापासून करतो."

"हे खोटं कारण आहे, मामा."

"हाव," ते म्हणायचे, "खरं सांगाले जराक लाज वाटून राह्यली." आणि फोन ठेवून द्यायचे.

त्यांची एक गोष्ट मला निखिलनं सांगितली होती. दुकानाच्याही आधी मामा एका बियाणं कंपनीचे प्रतिनिधी होते. कंपनीच्या मिरचीला कमी पाणी लागतं हे शेतकऱ्यांना दाखवायचं होतं. म्हणून अमडापूरला, मामांच्या गावी, दोन वाफे केले. एकात कंपनीची मिरची, शेजारच्यात गावरान. दोन्हीला सारखंच, मोजकंच पाणी. कंपनीची टिकणार, गावरान सुकणार, आणि मग गाव जमवून ते दाखवायचं, असा बेत. साहेब गाडीतून उतरले तेव्हा दोन्ही वाफे हिरवेगार होते. मामा रोज पहाटे जाऊन दोन्ही वाफ्यांना पाणी देत होते. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, "सुकून राह्यली होती साहेब. डोयापुढं कसं सुकू देऊ?" त्यांची नोकरी त्याच दिवशी गेली. निखिल ही गोष्ट हसत हसत सांगायचा. आम्हीही हसलो. लक्षात मात्र कुणीच ठेवली नाही.

शिकणारे वाढत गेले तसे पुण्याहून पाहुणे येऊ लागले. कंपनी मोठी करायला ज्यांच्या पैशांची मदत हवी होती, त्यांच्यापैकी एक मॅडम दोनदा येऊन गेल्या. त्या वाईट नव्हत्या. नीट ऐकून घ्यायच्या, गोणपाटाची रीत त्यांना आवडली होती. पण फोनचं त्यांना पटत नव्हतं. "आज तुम्ही चार जणी फोन करताय," त्या म्हणाल्या. "उद्या लाखभर लोक शिकायला लागले तर काय करणार? मोबाइलवर आठवणीचा निरोप आपोआप जातोच की. फोननं फरक पडतो हे मला दाखवा, मी ऐकते. नाही पडला, तर फोन बंद."

निखिल काही बोलायच्या आत मामा उठले. "दोन वाफे करू. नव्या शंभर लोकायचे. पन्नासायले फोन, पन्नासायले तुमचा मोबाइलचा निरोप. महिनाभरानं पाहू."

मॅडमना हे एकदम पसंत पडलं. निखिलला जुनी गोष्ट त्याच क्षणी आठवायला हवी होती. मलाही.

त्या महिन्यात मी जीव तोडून फोन केले. माझ्या पन्नासांतले बहुतेक टिकले. शेवटच्या दिवशी निखिलनं दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि त्याचा चेहरा उतरला. निरोपवाले पन्नासही तितकेच टिकले होते. फरक नव्हताच. पुढच्या महिन्यापासून फोन बंद करायचं ठरलं. मामा खिशातले फुटाणे एकेक करून खात बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. लोणारचा एक माणूस होता, सरोवर पाहायला येणाऱ्यांना फिरवून आणायचं काम करणारा. "मामा आहेत का? काल त्यायचा फोनच नाही आला. रोज येते ना."

यादी माझ्यासमोर होती. तो निरोपवाल्या पन्नासांतला होता.

मी त्या यादीतल्या आणखी तिघांना फोन लावला. पहिल्यांदाच, भिंतीकडे न वळता. तिघंही म्हणाले, हाव, मामांचा फोन असतो ना. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "लय गोड मानूस. पन त्यायले इंग्रजी काई येत नाही बा."

दुपारी मॅडम व्हिडिओ कॉलवर, समोरच्या पडद्यावर होत्या, पुढच्या महिन्याची आखणी चालली होती. मामा खिडकीपाशी बसले होते. मी उभी राहिले. शाळेत भाषणाला उभं करायचे तशी, हात मागे. जे बोलले ते इंग्रजीत बोलले, कारण पाठ केलेलं तेवढंच तोंडातून निघत होतं. मामांनी दुसऱ्या पन्नासांनाही फोन केले आहेत, सबब हा प्रयोग धरू नये.

"काय म्हनली पोरगी?" मामांनी विचारलं.

"तुमची चोरी सांगितली," निखिल म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "खरं आहे," ते पडद्याकडे पाहून म्हणाले. "ते सुकून राह्यले होते, मॅडम. यादीत दिसे मले. आठव्या दिवशी म्या पह्यला फोन केला, मंग राह्यवलंच नाही."

मॅडम आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि त्यांनी आणखी एक महिना दिला. नवे शंभर. अट एकच, मामांनी फोनला हात लावायचा नाही. मामांनी आपला मोबाइल काढून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "हिच्यापाशी राहू द्या. हे देनार नाही मले."

आमच्याकडे नाव नोंदवताना प्रत्येकानं 'कशासाठी शिकायचं' ते बोलून ठेवायचं असतं. ही रेकॉर्डिंग मामा सगळी ऐकायचे. नव्या शंभरांत वरवट बकालच्या एक शिलाईकाम करणाऱ्या ताई होत्या. त्यांच्या आवाजात एवढंच होतं, "माही पोरगी इंग्रजी शाळेत आहे. या महिनाअखेरीस तिच्या बाईची मीटिंग आहे. मले आत जाचं आहे."

निखिलनं चिठ्ठ्या टाकून दोन वाफे केले. ताई निरोपवाल्या वाफ्यात गेल्या.

सहा धडे त्यांनी रोजच्या रोज केले आणि सातव्यावर थांबल्या. सातवा धडा मीच लिहिला होता, शाळेच्या ऑफिसात जाऊन काय बोलायचं त्याचा. गोणपाटातून तो दोनदा परत आला होता. तीन दिवस झाले, चार झाले. मोबाइलवर निरोप जात होते, त्या उघडत नव्हत्या.

"वरवटवाल्या बाईचं काय झालं?" मामा रोज सकाळी विचारायचे.

"थांबल्यात."

"काऊन?"

"माहीत नाही, मामा. विचारायचं नाहीये."

एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "एक फोन. एकच. मीटिंग जवळ आली तिची."

माझा हात ड्रॉवरवर होता. एक फोन गेला तर दुसरा जाईल, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. हाही महिना वाया गेला तर तिसरा मिळणार नव्हता. मग पुढे जितके लोक थांबतील, त्यांना कुणीच विचारणार नव्हतं, का थांबलात म्हणून.

"नाही, मामा," मी म्हणाले. त्या ऑफिसात मी कुणाला नाही म्हणायची ती पहिलीच वेळ.

ते गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी एसटीची दोन तिकिटं माझ्यासमोर ठेवली. चिखली ते खामगाव, आणि खामगाव ते चिखली. "खामगाववरून वरवटची गाडी लागली होती," ते म्हणाले. "पायरीवर पाय ठेवला होता. मंग तुह्या तोंडाकडं पाहून वापस आलो." मी तिथे नव्हते, हे मी त्यांना सांगितलं नाही. तिकिटं ड्रॉवरमध्ये टाकली, फोनच्या शेजारी.

त्या ताईंचा नंबर माझ्यापाशीही होता. मामांना अडवणं त्यामानानं सोपं होतं.

महिना संपला. या वेळी याद्या शेजारी ठेवायचीही गरज पडली नाही. फोनवाले चालू होते आणि निरोपवाल्यांमधले बहुतेक कधीच थांबले होते. मॅडमनी दिलेला शब्द पाळला. त्या निर्णयावर पुढे सगळं उभं राहिलं. आज आमच्याकडे फोन करणाऱ्या बाया गावोगावी आहेत. घरी बसून, पोळ्या आटोपून, दोन तास त्या फक्त 'काऊन थांबले' विचारतात आणि गप्प बसतात. नव्या येतात त्यांना मी शिकवते. निखिल आता जास्त करून पुण्यात असतो. मामांनी कंपनी सोडली. कारण विचारलं तर म्हणाले, "उगोलं. आता राखन तुमी करा." ते अमडापूरला असतात, आणि त्यांचं खातं अजून माझ्या यादीत येतं.

पण ही पाटी, गाद्या, गोणपाट सगळं विसरले तरी त्या निकालाची दुपार मी विसरणार नाही. शेगावची कचोरी मागवली होती. सगळे एकदम बोलत होते. मामांनी कचोरीला हात लावला नाही. माझ्याकडे येऊन किल्ली मागितली, ड्रॉवर उघडला, मोबाइल चार्जिंगला लावला आणि सुरू होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग नंबर लावून तो माझ्यासमोर धरला. "तूच बोल."

पलीकडे शिलाई मशीन चालू होती. मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं. मग विचारलं, "ताई, काऊन थांबले?" आणि गप्प बसले.

"लग्नसराई होती," त्या म्हणाल्या. "ब्लाउज लय होते."

मी थांबले. मशीनही थांबली.

"त्या धड्यात शाळेतलं बोलनं होतं ना. बोलता बोलता मले घामच फुटला. म्हनलं, खरंच जा लागलं तं?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीटिंग झाली, बाई. शनिवारी. मी गेटापाशीच उभी होती."

मामा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. कचोरीचा कागद कुणीतरी चुरगाळला, तेवढा आवाज झाला.

"मोबाइलवर तुमचं टुंग टुंग येत जाय," ताई म्हणाल्या. "मले वाटे, तिकडं कोनी मानूस आहे का नाही."

"आहे," मी म्हणाले.

"मंग इतके दिवस कोठी होते तुमी?"

याला एक खोटं कारण होतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं. मग मी थोडा वेळ थांबले. "आम्ही मुद्दाम फोन केला नाही, ताई. आमचं एक काम होतं, त्यासाठी. माझ्यापाशी नंबर होता. मी केला नाही. चुकलं."

त्या फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही.

"पुढची मीटिंग कधी आहे?" मी विचारलं.

"दिवाईनंतर."

"मग सातवा धडा काढा."

"आता?"

"आत्ताच. मी फोनवर आहे. बोलताना घाम फुटला तरी मी आहे."

मशीनवरचं कापड बाजूला सारल्याचा आवाज आला. मामांनी खुर्ची ओढली आणि ते माझ्यासमोर बसले. मी फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर, आमच्या मध्ये ठेवला. धड्यातलं पहिलंच वाक्य मी सावकाश म्हटलं. ताईंनी ते दोनदा अर्धवट सोडलं. तिसऱ्यांदा पूर्ण म्हटलं, जरा जोरात, घरात दुसरं कुणी ऐकत असेल तर ऐकू दे अशा आवाजात.

"आय अ‍ॅम हर मदर."

"परत," मी म्हणाले.

त्यांनी परत म्हटलं. चौथ्या धड्यावर अडकलेल्या मामांनीही टेबलावर वाकून, ओठांतल्या ओठांत, ताईंसोबत म्हटलं, "हर मदर."